अबू गाझींच्या दारातला हॉर्न

रिलेच्या आत एक लोखंडी पट्टी असते. ती जेमतेम अर्धा मिलिमीटर हलते. हलताना 'टक्' असा आवाज होतो, मुंगीने हळूच दार लावावं तसा. हायलला हा आवाज फार आवडायचा. गाडीचे दिवे लावताना तो आधी रेडिओ बंद करायचा, खिडक्यांच्या काचा वर घ्यायचा, आणि मगच बटण फिरवायचा. 'टक्' ऐकू आलं की त्याला जगात काहीतरी सुरळीत चाललंय असं वाटायचं.

काम तसं साधं असतं. बटणातून अगदी थोडी वीज रिलेतल्या तारेच्या गुंडाळीत जाते. गुंडाळीचं चुंबक होतं, चुंबक पट्टीला ओढतं, पट्टीची दोन टोकं जुळतात, आणि बॅटरीकडून दिव्यांकडे जाणाऱ्या भरघोस विजेला वाट मोकळी होते. बोटाने फक्त इशारा करायचा, जड ओझं दुसऱ्याने वाहायचं. हायलच्या घरातही साधारण अशीच व्यवस्था होती. वडील लहानपणीच गेले, तेव्हापासून अबू सत्ताम काका इशारा करत आणि हायल ओझं वाही. वयाच्या एकतिसाव्या वर्षापर्यंत त्यात एकदाही बिघाड झाला नव्हता.

गाडीत रिले आला तो मैसूनमुळे. मैसून मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायची. नगरपालिकेच्या पाणीखात्यातला माणूस म्हणून हायल त्या शाळेची टाकी बघायला गेला होता, आणि टाकीपेक्षा जास्त वेळ तिच्याशी बोलून आला होता. घरी आल्यावर त्याने आईला सांगितलं, आईने काकांना सांगितलं, आणि काकांनी मैसूनच्या वडिलांकडे, अबू गाझींकडे, निरोप धाडला. त्याला दोन वर्षं झाली. अबू गाझी नाही म्हणत नव्हते. ऑलिव्ह उतरवून झाले की बघू, म्हणाले. मग रमजान होऊ दे, बघू. मग घरी पाहुणे आलेत, बघू.

हायलच्या मते याचं कारण एकच होतं, ते म्हणजे गाडीचे दिवे. पहिल्या हिवाळ्यात जरशला कुणाच्यातरी मयताला जाऊन परत येताना त्याने अबू गाझींना गाडीत घेतलं होतं. डोंगरात धुकं होतं, आणि गाडीचे दिवे ऑलिव्हच्या तेलातल्या वातीसारखे जळत होते. एका वळणावर रस्ता डावीकडे गेला आणि गाडी सरळ गेली. ती कुणाच्यातरी अंगणात, रोटीच्या भट्टीला नाक लावून थांबली. घरातली बाई हातात पीठ घेऊन बाहेर आली. अबू गाझींनी तिला सलाम केला, कोट सावरला, आणि उरलेला रस्ता ते पावसातून चालत गेले. या प्रसंगाबद्दल ते पुढे एक अक्षर बोलले नाहीत, आणि हायलला तेच जास्त लागलं. एका घटनेवरून असा निष्कर्ष काढू नये, हे विज्ञान शिकलेल्या माणसाला कळतं. हायल विज्ञान शिकलेला नव्हता, प्रेमात पडलेला होता.

म्हणून त्याने दिवे सुधारायला घेतले. जुन्या गाडीत दिव्यांची सगळी वीज बॅटरीतून आत बटणापर्यंत यायची, आणि तिथून पुन्हा बारीक, म्हाताऱ्या वायरीतून दिव्यांकडे जायची. वाटेत तिची इतकी गळती व्हायची की दिव्यांच्या वाट्याला उष्टंखरकटं तेवढं उरायचं. हायलने जाड वायर घातली, रिले बसवला, आणि दिवे असे लागले की समोरच्या टेकडीवरची शेळी उठून उभी राहिली. त्याच आठवड्यात तिन्हीसांजेला तो अबू गाझींच्या घरावरून तीनदा गेला, त्यांना दिसावं म्हणून. तिसऱ्या वेळी अबू गाझींनी खिडक्या लावून घेतल्या.

एवढ्यावर थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण एक दिवस काकांनी ठरवलं की आता जाहा न्यायची.

गावातली वडीलधारी माणसं जमवून मुलगी मागायला जायचं ती जाहा. पण ती नेतात आतून होकार आल्यावर. मग मुलाकडचा थोरला उठून मुलगी मागतो, समोर ठेवलेल्या कॉफीला हात लावत नाही, मुलीचा बाप म्हणतो "कॉफी प्या," की झालं, दिली मुलगी. सगळं आधी ठरलेलं असतं. आधी काहीच न ठरवता जाहा नेणं म्हणजे पाया न घालता छत ओतणं. हायलने हे भीतभीत सुचवून पाहिलं.

"चाळीस पांढऱ्या दाढ्या दारात उभ्या केल्यावर अबू गाझी नाही म्हणेल?" काका म्हणाले. "अख्ख्या अजलून गावात तोंड लपवायला जागा मिळेल का त्याला?"

"नाही काका," हायल म्हणाला.

काकांची आणखी एक इच्छा होती. जाताना जाहा गुपचूप, अदबीने जाते. मुलगी मिळाली की येताना हॉर्न वाजवत, दिवे उघडझाप करत येते, म्हणजे घरात बसलेल्यांनाही कळतं की काम झालं. काकांना हा आवाज पार इर्बिद शहरापर्यंत जायला हवा होता. आणि हॉर्नवर बोट ठेवलं की दिवेही त्याच क्षणी लखलखले पाहिजेत, वेगळं बटण दाबायला लागता कामा नये. हायलने भंगारबाजारातून ट्रकचे दोन हॉर्न आणले, चार जास्तीचे दिवे आणले, एक जुना रिले आणला, आणि सगळं त्या एका रिलेला जोडलं. रिलेवर त्याला झेपणारी वीज तीस अँपिअर अशी लिहिलेली होती. त्याने बेरीज केली तर ती चाळीसच्या वर जात होती. तो काकांना सांगायला गेला.

"तीस काय नि चाळीस काय," काका म्हणाले. "आपली जीप सहा जणांची. अकरा बसतात की नाही?"

"बसतात काका."

पहिल्याच चाचणीत फ्यूज उडाला. फ्यूजने स्वतः जळून पुढचं वाचवलं होतं, पण काकांनी त्याला भेकड म्हटलं. मग हायलने फ्यूज काढला आणि तिथे सरळ जाड वायर जोडली. रिले हलू नये म्हणून त्यावर चिकटपट्टीचं अख्खं बंडल गुंडाळलं. त्यानंतर काकांनी गाडीची डिकी उघडून बघितली, पाने आणि पकडी बघितल्या, आणि मुलगी मागायला निघालोय की गटार उपसायला, असं विचारलं. हत्यारं घरी राहिली. डिकीत बकलाव्याचे डबे गेले, होकारानंतर वाटायचे.

शुक्रवारी दुपारची नमाज झाल्यावर गाड्या निघाल्या. पुढे हायलची गाडी, तिच्यात काका, अंगावर सोनेरी काठाचा झगा. मागे बाकीच्या, सगळ्या चिडीचूप. अबू गाझींच्या गल्लीच्या तोंडाशी गॅसवाल्याची गाडी आडवी उभी होती. गिऱ्हाइकांना कळावं म्हणून लावलेलं तिचं नेहमीचं गाणं वाजत होतं, आणि गॅसवाला सिलिंडर खांद्यावर घेऊन तिसऱ्या मजल्यावर चालला होता. मागे गाड्यांची रांग लागली. पलीकडे आपल्या फाटकात अबू गाझी स्वागताला येऊन उभे राहिलेले दिसत होते.

"एकदा वाजव," काका म्हणाले. "हळूच. खोकल्यासारखा."

हायलने हॉर्नवर बोट टेकलं आणि उचललं.

रिले दोनदा बोलतो. टोकं जुळताना एकदा, सुटताना एकदा. पहिलं 'टक्' हायलने ऐकलं. दुसरं आलं नाही.

एवढी वीज एवढ्याशा टोकांमधून गेली की ती तापतात, वितळतात, आणि एकमेकांना चिकटून बसतात. मग गुंडाळीतलं चुंबक सोडतं, पण टोकं सोडत नाहीत. दोन्ही हॉर्न एका सुरात बोंबलत राहिले. चारही दिवे भर दुपारी डोळे वटारून राहिले. हायलने बटण उलटसुलट दाबलं. मग चावी काढली. चावीचा काही संबंधच नव्हता. वीज थेट बॅटरीतून येत होती, त्यानेच तशी आणली होती.

काकांनी त्याच्याकडे पाहिलं. ओठ हलले. ते काय बोलले ते ऐकू आलं नाही, यात अल्लाची कृपाच होती. मग त्यांनी झगा सावरला आणि जणू काही झालंच नाही अशा चालीने ते फाटकाकडे गेले. मागोमाग चाळीस पांढऱ्या दाढ्या गेल्या. अबू गाझी प्रत्येकाला काहीतरी म्हणत होते, प्रत्येकजण अबू गाझींना काहीतरी म्हणत होता, आणि सगळे एकमेकांच्या गालांची चुंबनं घेऊन, काहीही न ऐकता आत गेले.

गल्लीने मात्र ऐकलं होतं. गल्लीचा हिशोब सरळ होता. मुलाची गाडी, मुलीच्या दारात, हॉर्न आणि दिवे दोन्ही, म्हणजे दिली मुलगी. समोरच्या सज्ज्यातून एका बाईने आनंदाची लांबलचक ललकारी दिली. तिला शेजारच्या गच्चीवरून उत्तर आलं. गॅसवाल्याने सिलिंडर जिन्यातच टेकवला, खाली धावत आला, आणि शुभकार्यात आपलाही वाटा असावा म्हणून स्वतःचं गाणं आणखी मोठं केलं. कोपऱ्यावरच्या मिठाईवाल्याने गरम कुनाफ्याचं अख्खं ताट डोक्यावर घेतलं आणि घरात नेऊन ठेवलं.

स्वयंपाकघरात मैसूनची आई, उम्म गाझी, कॉफीसाठी वेलदोडे सोलत होत्या. त्यांना वाटलं, आपल्या नवऱ्याने हे फाटकातच उरकून टाकलं. बायकोला न विचारता उरकून टाकणं हे अबू गाझींच्या स्वभावाला इतकं धरून होतं की त्यांना शंकाही आली नाही. त्या आधी थोडं रडल्या, मग नवऱ्याच्या नावाने काहीतरी पुटपुटल्या, मग त्यांनीही ललकारी दिली. मैसून ओट्यापाशी उभी होती. तिने आईकडे पाहिलं, खिडकीतून त्या दिव्यांकडे पाहिलं, आणि मागच्या दाराने बाहेर पडली.

हायल बॉनेटखाली डोकं घालून उभा होता. बॅटरीची तार सोडवायची तर तिचा नट गंजून बसलेला, आणि पाना घरी. त्याने बोटांनी प्रयत्न केला, नाण्याने केला, दातांचा विचारही त्याच्या मनात येऊन गेला. रिले उपटायचा तर त्यावर चिकटपट्टीचं बंडल. ते नखांनी सोलताना त्याला आपल्याच नीटनेटकेपणाचा संताप आला. शेवटी त्याने पायातला बूट काढून रिलेवर मारला. नवा बूट होता, तळवा मऊ होता. रिलेला काही वाटलं नाही.

दोन वर्षं, त्याच्या मनात आलं. दोन वर्षं या घरासमोरून जाताना मी गाडीचा वेग कमी करत होतो, आवाज होऊ नये म्हणून.

तेवढ्यात चुलतभाऊ मुफ्लिह घरातून पळत आला, मिशांवर घाम, चेहऱ्यावर आनंद. त्याने हायलच्या कानाला तोंड लावलं.

"काका म्हणतायत, राहू दे."

"काय राहू दे?"

"हॉर्न. वाजत राहू दे. आत शेजारपाजारचे येऊन मुबारक म्हणायला लागलेत. अबू गाझीचे गाल मुके पुसून पुसून लाल झाले. अजून थोडा वेळ वाजला ना, तर त्याला नाही म्हणायला तोंडच उरणार नाही."

हायलने बूट हातात धरून घराकडे पाहिलं. दारातून माणसं आत जात होती. कुणी फुलं आणली होती. आत त्या सगळ्या गर्दीत एक माणूस, ज्याने अजून काहीच दिलं नव्हतं, दिल्याबद्दल आभार घेत होता. आणि त्या घरात कुठेतरी मैसून होती, तिला तर कुणी काही विचारलंच नव्हतं.

"काकांना सांग, मी बंद करतोय," तो म्हणाला.

मुफ्लिहला वाटलं, हॉर्नमुळे आपल्याला नीट ऐकू आलं नाही. त्याने कान पुढे केला. हायलने तेच पुन्हा सांगितलं.

"काका काय म्हणतील, कळतंय का तुला?"

"म्हणू दे. असा धाकदपटशाने मिळालेला होकार मला नको. जा, सांग जाऊन."

मुफ्लिह गेला, पण उलट्या पावलांनी, हायलवरची नजर न काढता, आजारी माणसाच्या खोलीतून जावं तसा. हायल पुन्हा रिलेकडे वळला, तर बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला मैसून उभी होती. हातात वेलदोडे कुटायचा पितळी बत्ता होता. ती किती वेळ उभी होती, काय काय ऐकलं, काही कळायला मार्ग नव्हता.

तिने रिलेकडे बोट केलं आणि ओरडून म्हणाली, "किती अँपिअरचा?"

"तीस."

"आणि जोडलंय किती?"

"चाळीसच्या वर," हायल ओरडला. "मला माहीत होतं. तरी जोडलं."

तिने मान डोलवली. कुणाचंही नाव न घेता चूक कबूल करणारा विद्यार्थी तिला बहुतेक नवा नव्हता, पण क्वचित भेटत असावा. "सोलत बसू नका. आत टोकं चिकटलीत. वरून एक नेमका ठोका द्या, सुटतील." तिने बत्ता पुढे केला, पण हायलने हात लावल्यावर लगेच सोडला नाही. "आणि आवाज बंद झाला, आणि आतून नकार आला तर?"

"तर नकार. निदान ऐकू तरी येईल."

तिने बत्ता सोडला. मग म्हणाली, "दोन वर्षांत तुमच्याकडून आलेला हा पहिला निरोप."

"पहिला?" हायलने एका हाताने बत्ता उगारला. "अहो, मी दर महिन्याला निरोप पाठवत होतो!"

"ते सगळे—" मैसून जीव खाऊन ओरडली. त्याच क्षणी बत्ता बसला, आत काहीतरी 'टक्' झालं, आणि हॉर्न थांबला. "—तुमच्या काकांचे होते!"

हे शेवटचे शब्द पूर्ण शांततेत, शाळेच्या पटांगणावर पोचणाऱ्या आवाजात, सबंध गल्लीत गेले. सज्ज्यातल्या बाईची ललकारी मध्येच तुटली. गॅसवाल्याने आपलं गाणं बंद केलं. हायलने उगाचच रिलेची बारीक तार काढून टाकली, हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

आत बैठकीत याहून वाईट स्थिती होती. हॉर्न वाजत असतानाच रीत पार पडली होती. सगळ्यांसमोर कॉफीच्या वाट्या आल्या. काकांनी उभं राहून, दोन दिवस पाठ केलेलं भाषण केलं. त्यातला एक शब्दही कुणाच्या कानावर पडला नाही. मग अबू गाझी उठले आणि त्यांनीही उत्तर दिलं. ओठ हलले, हात एकदा छातीवर गेला, एकदा दाराकडे गेला, आणि ते खाली बसले. आणि आता हॉर्न थांबला होता, आणि चाळीसांपैकी एकालाही अबू गाझी काय म्हणाले ते ठाऊक नव्हतं.

विचारणं अशक्य होतं. मुलीच्या बापाने आयुष्यातलं सर्वांत मोठं वाक्य बोलावं आणि पाहुण्यांनी "काय म्हणालात?" म्हणावं, असं अजलूनमध्ये कुणी केलेलं नव्हतं. काका वाटीकडे बघत होते. ते "कॉफी प्या" म्हणाले असतील आणि आपण प्यायलो नाही, तर हा घोर अपमान. नाही म्हणाले असतील आणि आपण प्यायलो, तर लोक आपल्यावर गोष्टी रचतील. काकांचा हात वाटीपर्यंत गेला, दाढीकडे वळला, पुन्हा वाटीकडे गेला. त्यांचं बघून चाळीस हात तसेच हलले. अबू गाझींना वाटलं, आपलं बोलणं यांना फार लागलं. ते मान खाली घालून बसले. हायल एका पायात बूट घालून दारात येऊन उभा राहिला, आणि कुणीही त्याच्याकडे पाहिलं नाही.

कोपऱ्यात जाहेतलेच एक म्हातारे, हाज फवाझ, बसले होते. त्यांना आठदहा वर्षांपासून ऐकू येत नव्हतं, त्यामुळे आपल्या आजूबाजूला आज काही वेगळं घडलंय याची त्यांना कल्पना नव्हती. इतरांना जे शक्य नव्हतं ते त्यांना नेहमीच शक्य असे. त्यांनी शेजाऱ्याला कोपराने ढोसलं.

"तो काय म्हणाला?"

चाळीस माणसांनी सुटकेचा श्वास सोडला. बहिऱ्या म्हाताऱ्यासाठी पुन्हा सांगायला कुणाची हरकत नसते. अबू गाझी उठले, आणि त्यांच्यासाठी म्हणून मोठ्याने बोलले.

"मी म्हणालो, हाजसाहेब, की हे माझ्या हातात कधी नव्हतंच. दोन वर्षं पोरगी 'बघू' म्हणतेय. तिचं नाव लोकांच्या तोंडी नको, म्हणून तेच 'बघू' मी माझं म्हणून सांगतोय. गाव मला हेकट म्हणतं. मी म्हणतो, म्हणा. आणि आता तुम्ही चाळीस जण आलात, हॉर्न आला, कुनाफा आला, तरी माझ्याकडे सांगायला तेवढंच आहे."

काकांनी वाटीकडे गेलेला हात झग्यात ओढून घेतला.

"आणि त्या दिवशीचे गाडीचे दिवे?" दारातून हायलने विचारलं. त्याला राहवलं नाही.

"कुठले दिवे?" अबू गाझी म्हणाले.

तेवढ्यात दाराशी हालचाल झाली. जाहेच्या बैठकीत घरातली बाई येत नाही, मुलगी तर नाहीच. उम्म गाझी मागून बाही ओढत होत्या, आणि मैसून ओढलेल्या बाहीसकट आत आली. हाताला काळं ग्रीस लागलं होतं, हायलने परत दिलेला बत्ता हातात होता. चाळीस पांढऱ्या दाढ्यांनी नजरा खाली वळवल्या, आणि खाली वाट्याच होत्या, म्हणून सगळे वाट्यांकडे बघत राहिले.

मैसूनने हायलकडे पाहिलं नाही. तिने वडिलांकडे पाहिलं, मग पुढ्यातल्या एका वाटीला बोटाच्या पाठीने स्पर्श केला, ताप बघतात तसा.

"बाबा, ही गार झालीय," ती म्हणाली. "सगळ्यांना दुसरी ओता. आणि त्यांना म्हणावं, प्या."